वारा पडला की

विर्वेने सिगारेट सोडली तेव्हा
अख्ख्या कुओपिओला कळलं होतं.
दिवस पहिला : चुरगळलेलं पाकीट, उघडी खिडकी,
खाली दोनशे बारा बदाम.
दिवस चौथा कुणी पाहिला नाही.
त्या दिवशी ती बसच्या मागे,
फिरत्या ग्रंथालयाच्या त्या निळ्या बसच्या,
पाठमोरी उभी राहून झुरके घेत होती,
आणि फोन कोटाच्या आतल्या खिशात
उलटा घातलेला,
जणू त्याला डोळे आहेत.

नंतर मॅरेथॉन. नवे बूट, केशरी नाड्या,
पूजेला मांडावेत तसे टेबलावर मांडलेले.
"तू करणारच!" म्हणाल्या शाळेतल्या मैत्रिणी,
तीस वर्षांत एकदाही न भेटलेल्या.
त्या संध्याकाळी ती इतकी खूश होती
की धावायला गेलीच नाही.
धावून आल्यावर जे मिळायचं
ते बसल्या जागी मिळून गेलं होतं.
मग काउंटरवरची मुलगी विचारू लागली,
"किती किलोमीटर झाले?"
तेव्हापासून विर्वे दूध आणायला
पुलापलीकडच्या दुकानात जाते.
तेवढंच चालणं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
हिची उघडी. कुणीही मोजावी.
तिसऱ्यांदा पोर्तुगीज. चौथ्यांदा काय, ते आठवत नाही.
पोट दिसायच्या आधी बारसं
आणि पाळणा दरवेळी माळ्यावर.

यंदा नोव्हेंबरात ती गप्प झाली.
लोकांना काळजी. लेकीने, ईदाने, ओउलूहून फोन केला :
"आई, बरी आहेस ना? महिनाभर काही टाकलं नाहीस."
"बरी आहे," एवढंच.
मग बराच वेळ बटाट्यांबद्दल बोलली.

मी तिच्या वरच्या मजल्यावर राहते.
पहाटे चार चाळीसला खाली दिवा लागतो,
अंगणातल्या बर्फावर पिवळा चौकोन पडतो.
एकदा तिचं पार्सल चुकून माझ्याकडे आलं.
जड होतं. ती घ्यायला आली तेव्हा
उजव्या तर्जनीला चिकटपट्टी,
आणि तोंडावर हसू, डब्यातला लाडू
चोरून खाल्लेल्या पोराचं.
तिने ते पार्सल छातीशी धरलं.
वर काय लिहिलंय ते मी आधीच वाचलं होतं.

तळमजल्यावरचा ताउनो ऐंशीचा आहे,
तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे धरतो.
विर्वेचं काय चाललंय, मी विचारलं.
तो तळ्याचंच बोलला :
"वारा असला की पाणी धरत नाही,
कितीही थंडी पडू दे. लाट मोडत राहते.
एक रात्र वारा पडायला हवा."
मग टोपी कानांवर ओढत,
"आणि जाड झालाय का ते बघायला
तासातासाला पहार मारशील, तर बुडशील."
त्याला माहीत असावं. किंवा नसेलही.
म्हातारा तळ्याशिवाय दुसरं बोलतच नाही.

आता इथे मी तुम्हाला सांगणार होते
पार्सलात काय होतं ते.
अगदी जिभेवर आलंय. कवितेलाही बरं पडलं असतं,
शेवटी एखादी ठसठशीत वस्तू.
पण ते तिच्या पोटातलं आहे,
आणि अजून डिसेंबर आहे,
बर्फ चारच बोटं.
कदाचित हेही मोडेल.
मोडलं तर निदान कुणी
दुकान बदलायला नको.

तिचं नाव विर्वे नाही.
गावही दुसरं आहे.
आज चार चाळीसला दिवा लागला नाही.
मी अंथरुणात उठून बसले.
पावणेपाचला लागला.